पक्षाघातानंतर सासऱ्यांना घरी आणतोय: नाकातली नळी, कॅथेटर, इन्सुलिन. डिस्चार्जआधी काय काय पक्कं करून घ्यावं?

प्रीतिसंगम

नमस्कार मंडळी. सासरे ७१ वर्षांचे, वजन ६४ किलो. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी अडकली, उजवा हात-पाय गेला. बोलणं बंद आहे, पण आपण सांगितलेलं बरंचसं कळतं. १६ दिवस पुण्यात ॲडमिट आहेत, शुक्रवारी सोडणार आहेत. आज सोमवार. कऱ्हाडला घरी न्यायचंय. घर पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

सध्या नाकात राइल्स ट्यूब, लघवीला कॅथेटर, बीपीच्या आणि रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या, आणि दिवसातून तीनदा इन्सुलिन. आधी मधुमेहाला फक्त गोळ्या होत्या. घरी मी, नवरा आणि सासूबाई (वय ६६, गुडघ्यांनी बेजार). ब्युरोतून दिवसाच्या १२ तासांसाठी मावशी ठरवतोय.

वॉर्डात विचारलं की "पौष्टिक द्या, कूस बदलत राहा, काळजी घ्या" एवढंच सांगतात. मला किती मिली, किती वाजता, काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर काय करायचं, असं हवं आहे. प्रवासाबद्दलही सांगा.

रात्रपाळी_सिस्टर

ताई, डिस्चार्ज कार्ड हा डॉक्टरने डॉक्टरसाठी लिहिलेला कागद असतो. रात्री दोन वाजता नळी निघाली तर काय करायचं, हे त्यावर नसतं. तो दुसरा कागद तुम्हाला या चार दिवसांत वॉर्डातच तयार करायचा आहे. त्यासाठी फक्त बघू नका, उद्यापासून प्रत्येक गोष्ट स्वतःच्या हातांनी करा आणि सिस्टरना शेजारी उभं राहायला सांगा. फीड, म्हणजे नळीतून दिलं जाणारं पातळ जेवण, किमान तीनदा तुम्ही, तीनदा नवऱ्याने द्यायचं. नंतर मावशींना तुम्ही शिकवा.

फीडचं सांगते. आधी पाठ ४५ अंशांवर. मानेखाली दोन उशा घातल्या की फक्त मान पुढे वाकते आणि पोट दाबलं जातं. पाठ कमरेपासून उचलली गेली पाहिजे. म्हणून हँडलने वर-खाली होणारी फाउलर कॉट भाड्याने आणा. बऱ्याच गावांत रुग्णोपयोगी साहित्य अनामत ठेवून नाममात्र भाड्याने देणाऱ्या संस्था असतात, आधी तिथे चौकशी करा. आधी गुडघ्याकडचा भाग थोडा वर घ्या, मग पाठीकडचा. उलटं केलं की माणूस खाली घसरतो आणि माकडहाडावरची कातडी ताणली जाते.

मग नळी जागेवर आहे का ते बघा. नाकपुडीशी नळीवर जो सेंटिमीटरचा आकडा आहे तिथे मार्करने रेघ मारून घ्या आणि आकडा कागदावर लिहा. मोठ्या माणसात तो साधारण ५५ ते ६० असतो. दर फीडआधी रेघ नाकपुडीलाच आहे ना, नळी तोंडात गुंडाळी होऊन आली नाही ना, हे टॉर्चने बघायचं. ५० मिलीच्या सिरिंजने हलकेच ओढून पोटातलं थोडं पाणी येतं का तेही बघायचं. हवा मारून पोटावर आवाज ऐकायची पद्धत अजून पुष्कळ ठिकाणी शिकवतात. तिच्यावर विसंबू नका, नळी श्वासनलिकेत असली तरी तसाच आवाज येऊ शकतो. ओढल्यावर मागच्या फीडचं २०० मिलीच्या वर आलं, तर ते परत सोडा, तासभर थांबा, पुन्हा बघा. दुसऱ्यांदाही तेवढंच आलं तर डॉक्टरांना फोन.

सिरिंजचा दट्ट्या काढायचा, ३० मिली पाणी सोडायचं, मग फीड. सिरिंज डोक्याच्या थोडी वर धरायची आणि आपोआप उतरू द्यायचं. २०० ते २५० मिलीला १५–२० मिनिटं लागली पाहिजेत. घाईत दट्ट्याने ढकललं की उलटी होते, आणि गिळता न येणाऱ्या माणसाची उलटी फुप्फुसात जाते. न्यूमोनिया तिथूनच सुरू होतो. शेवटी परत ३० मिली पाणी. त्यानंतर तासभर पाठ खाली करायची नाही, कूस बदलायची नाही, डायपरही नाही. म्हणून कूस आणि स्वच्छता फीडच्या *आधी* उरकायची.

वेळा: ६, ८:३०, ११, १:३०, ४, ६:३०, ९. सात वेळा २३० मिली धरलं तर १६०० मिली होतं. ६४ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण १६०० कॅलरी आणि ६५–७५ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे फीड एका मिलीला एक कॅलरी एवढं दाट हवं. वरणाचं पाणी, शहाळं, भाताची पेज यांनी पोट भरतं पण त्यात तेवढं काही नसतं. महिन्यात माणूस वाळतो आणि पाठीला जखमा होतात. आहारतज्ज्ञांकडून *मधुमेहाचा* लेखी तक्ता घ्या, पावडर असेल तर किती चमचे किती पाण्यात तेही. घरचं फीड मिक्सरमधून काढून सुती फडक्यातून गाळा. बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नका, फ्रिजमधलं २४ तासांत संपवा आणि देताना कोमट करा.

नळी तुंबली तर कोमट पाणी आणि ५० मिलीचीच सिरिंज, हलकेच पुढे-मागे. लहान सिरिंजने दाब जास्त पडतो, नळी फाटते. तार, सळई काहीही घालायचं नाही. रेघ सरकलेली दिसली किंवा नळी निघाली तर परत ढकलायची नाही. नळी घालणं मावशींचं काम नव्हे, प्रशिक्षित नर्स किंवा डॉक्टरच हवेत. कऱ्हाडात हे कोण करेल त्याचा नंबर शुक्रवारच्या आधी मिळवून ठेवा. नळी साधी पीव्हीसीची आहे की सिलिकॉनची, हेही विचारा. पीव्हीसीची आठवडा-दोन आठवड्यांत कडक होते, सिलिकॉनची चार ते सहा आठवडे चालते.

आता कॅथेटर. पहिला प्रश्न हा विचारा: याची अजून गरज आहे का? ॲडमिट करताना घातलेलं कॅथेटर नुसतं राहून गेलंय, असं फार वेळा होतं आणि जंतुसंसर्ग घरी जातो. काढायचं असेल तर बुधवारी सकाळी काढा म्हणावं. म्हणजे सहा तासांत लघवी झाली नाही तर ते वॉर्डातच कळेल, मूत्राशयात किती उरते तेही सोनोग्राफीने बघता येईल. शुक्रवारी गाडीत बसताना काढू नये.

ठेवायचंच ठरलं तर घातल्याची तारीख, नळीच्या जाडीचा नंबर आणि तिला आत धरून ठेवणाऱ्या फुग्यात किती मिली पाणी आहे, हे कार्डावर लिहून घ्या. पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला टेकू द्यायची नाही. दोन तृतीयांश भरली की रिकामी. नळी मांडीला चिकटपट्टीने बांधलेली हवी, नाहीतर कूस बदलताना ओढली जाते आणि रक्त येतं. चार तास पिशवीत काहीच आलं नाही तर आधी नळी कुठे मुडपलीय का, अंगाखाली दबलीय का ते बघा. ती मोकळी असूनही येत नसेल आणि ओटीपोट टणक लागत असेल, तर तातडीने दाखवा.

अण्णा_मिरज

कॅथेटर काढायच्या आधी दोन-तीन दिवस दर चार तासांनी चिमटा लावून सवय करतात ना? तसं घरी करता येईल का?

रात्रपाळी_सिस्टर

अण्णा, नको. चिमटा लावून ठेवल्याने पुढे लघवी लवकर सुटते असं दिसलेलं नाही. उलट घरी चिमटा सोडायचा राहिला की मूत्राशय ताणलं जातं, आणि या रुग्णाला तर बोलून सांगताही येत नाही. काढायचं तर सरळ काढायचं आणि लक्ष ठेवायचं.

खलबत्ता

औषधांच्या दुकानाच्या काउंटरवर रोज दिसणाऱ्या चुका सांगतो.

घरातल्या जुन्या गोळ्यांची अख्खी पिशवी उद्याच पुण्याला मागवून घ्या. कार्डावरचं प्रत्येक औषध आणि जुनी प्रत्येक स्ट्रिप यांची *आतली* नावं जुळवा, ब्रँडची नव्हे. कोलेस्टेरॉलची किंवा बीपीची तीच गोळी दोन कंपन्यांच्या नावाने दुहेरी जाणं ही सर्वांत नेहमीची चूक आहे. जुन्या प्रत्येक औषधापुढे डॉक्टरांकडून तीनपैकी एक शब्द लिहून घ्या: चालू, बंद, बदललं. मधुमेहाच्या जुन्या गोळ्यांबद्दल तर नक्कीच. बंद झालेल्या स्ट्रिपा घरात ठेवूच नका.

रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या सोबत असतील तर दुसरी कुठल्या तारखेला थांबवायची ते विचारा. लहान झटक्यानंतर ही जोडी साधारण २१ दिवसच देतात, कारण पुढे रक्तस्रावाचा धोका फायद्याच्या वर जायला लागतो. तुमच्याकडे काय ठरलंय ते डॉक्टर सांगतील, पण "पुढील तपासणीपर्यंत" असं मोघम नको, तारीख हवी.

नळीतून द्यायची म्हणून सगळ्याच गोळ्या कुटायच्या नसतात. नावापुढे एसआर, एक्सएल, ईआर, रिटार्ड असं असेल तर ती दिवसभर हळूहळू सुटणारी गोळी. कुटली की सगळा डोस एकदम जातो आणि बीपी धाडकन खाली येतं. पँटोप्राझोलच्या, म्हणजे ॲसिडिटीच्या गोळीवर आम्लापासून वाचवणारा लेप असतो, कुटली की औषध पोटातच वाया जातं. या सगळ्यांना पर्याय मिळतात: साधी गोळी, सिरप, पाण्यात विरघळणारी पावडर. पण ते डॉक्टरांनीच बदलून द्यायला हवं, आणि तेही डिस्चार्जच्या आधी. कुटता येणारी प्रत्येक गोळी वेगळी कुटायची, १५–२० मिली पाण्यात विरघळवून द्यायची, मध्ये थोडं पाणी सोडायचं. फीडमध्ये मिसळायची नाही. फीड अर्ध्यात थांबलं तर किती औषध गेलं हे कळायला मार्ग राहत नाही.

इन्सुलिन. इथे सर्वांत जपून. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० युनिटचं (एका मिलीत ४० युनिट) असतं, त्याला लाल टोपणाची सिरिंज. पेन आणि कार्ट्रिजमधलं १०० युनिटचं, आणि केशरी टोपणाची सिरिंज १०० ची. ४० च्या बाटलीतून केशरी सिरिंजने १० च्या रेघेपर्यंत भरलं तर प्रत्यक्षात ४ युनिट जातात. कार्ट्रिजमधून लाल सिरिंजने १० भरलं तर २५ जातात, आणि तेवढ्याने माणूस बेशुद्ध पडू शकतो. म्हणून बाटली आणि सिरिंज शेजारी ठेवून दोन्हीवरचा आकडा मोठ्याने वाचायचा, मगच भरायचं. पेन असेल तर पेनच वापरा, त्यातून सिरिंजने काढायचं नाही.

वॉर्डात दर वेळी साखर बघून डोस ठरवतात. घरी तसं चालणार आहे की ठरलेला डोस, हे लिहून घ्या. क्रम असा: साखर तपासा, नळीची रेघ बघा, नळी चालू असल्याची खात्री करा, इन्सुलिन द्या, लगेच फीड. इन्सुलिन दिलं आणि मग नळी निघालेली दिसली, तर पोटात जायला वाटच राहत नाही. साखर ७० च्या खाली गेली आणि नळी जागेवर आहे, तर ग्लुकोज पावडरचे तीन सपाट चहाचे चमचे १०० मिली पाण्यात विरघळवून नळीतून द्या, १५ मिनिटांनी परत तपासा. नळी जागेवर नसेल तर तोंडात साखरपाणी ओतू नका, सरळ जवळच्या रुग्णालयात न्या किंवा १०८ लावा.

मेडिक्लेम असेल तर डिस्चार्जनंतरचीही बिलं ठेवा. बऱ्याच पॉलिसींत ६० दिवसांपर्यंतची औषधं आणि तपासण्या मिळतात, फक्त प्रत्येक बिलाला चिठ्ठी जोडलेली लागते.

उभं_राहूया

फिजिओथेरपीच्या बाजूने लिहिते.

उजवा खांदा जपा. हात गेल्यावर खांद्याचा सांधा नुसत्या सैल स्नायूंवर लोंबतो. काखेत हात घालून वर ओढणं किंवा उजव्या हाताला धरून बसवणं, यानेच तो निखळतो, आणि पुढे महिनोन्‌महिने दुखतो. मावशींना पहिल्याच दिवशी हे सांगा. वर सरकवायचं असेल तर अंगाखाली दुहेरी घडीची चादर कायम ठेवा आणि दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून *उचलून* सरकवा. बसलेले असताना उजवा हात उशीवर किंवा मांडीवर टेकलेला हवा.

कॉट भिंतीला चिकटवू नका, दोन्ही बाजूंनी जाता आलं पाहिजे. खुर्चीत घ्यायचं असेल तर खुर्ची डाव्या, म्हणजे चांगल्या बाजूला, पलंगाला किंचित तिरकी लावा. व्हीलचेअर आणण्याआधी दारं मोजा. खुर्ची साधारण ६५ सेंटिमीटर रुंद असते आणि आपल्याकडची बाथरूमची दारं त्याहून अरुंद निघतात. मग कमोड खुर्ची खोलीतच ठेवावी लागते.

कूस दर दोन तासांनी: डावी, पाठ, उजवी. पूर्ण आडवं करायचं नाही, पाठीमागे उशी घालून ३० अंश कलतं ठेवायचं. पोटरीखाली उशी द्या म्हणजे टाचा हवेत राहतात. एअर बेड घ्याच, पण त्याने कूस बदलणं सुटत नाही. गादीत हवा पुरेशी आहे का, हे असं बघा: माकडहाडाच्या खाली, गादीच्या तळाशी पंजा सपाट सरकवा. हाड हाताला लागलं तर हवा कमी. वर एकच पातळ चादर, जाड गोधडी टाकली की गादीचा उपयोग संपला. वीज गेली की गादी बसते, म्हणून पंप इन्व्हर्टरच्या पॉइंटवर. कातडीवर लाल डाग दिसला तर बोटाने तीन सेकंद दाबून सोडा. पांढरा पडून परत लाल झाला तर ठीक. लालच राहिला तर तिथे जखम सुरू झाली आहे. त्यावर अजिबात भार नको, आणि तेल लावून चोळायचं तर मुळीच नाही.

व्यायाम घरच्यांनाच शिकवून घ्यावेत आणि फिजिओचा खर्च वाचवावा, असं बऱ्याचदा सुचवतात. भारतातल्या १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर नेमका हाच प्रयोग झाला, 'अटेंड' नावाचा. निष्कर्ष २०१७ मध्ये आले: घरच्यांना शिकवून करून घेतलेल्या पुनर्वसनाने सहा महिन्यांनंतर नेहमीच्या उपचारांपेक्षा काही फरक पडला नाही. घरच्यांनी सांधे हलते ठेवायचे, नीट बसवायचं, कूस बदलायची, आणि ते मोलाचं आहे. पण पहिले तीन महिने सुधारणा सर्वांत वेगाने होते, तेव्हा आठवड्यातून काही दिवस तरी फिजिओ घरी यायलाच हवा. कऱ्हाडातला ठरवा आणि पुण्याच्या फिजिओशी त्याचं फोनवर बोलणं करून द्या.

जिना: हात असलेली भक्कम लाकडी किंवा लोखंडी खुर्ची. प्लॅस्टिकची नको, पाय फाकतात. वर नेताना खुर्चीची पाठ वरच्या पायरीकडे, सासऱ्यांचं तोंड खाली. छाती आणि कंबर चादरीने खुर्चीला बांधा, उजवा हात मांडीवर बांधा म्हणजे कठड्यात अडकणार नाही. चार माणसं. कॅथेटर असेल तर पिशवी रिकामी करून नळीला चिमटा लावून मांडीवर ठेवा, आणि वर पोचल्याबरोबर चिमटा काढा.

फॅमिली_डॉक्टर_वाई

प्रवासाचं. पुणे-कऱ्हाड १६० किलोमीटर. १०८ ही तातडीच्या वेळेसाठी आहे, यासाठी खासगी रुग्णवाहिका लागेल. ऑक्सिजन आणि सक्शन (घशातला कफ ओढून काढणारं यंत्र) चालू आहेत का, हे निघताना प्रत्यक्ष चालवून बघा. सकाळचं फीड निघण्याच्या किमान दीड तास आधी, गाडीत फीड नाही. खंबाटकीच्या वळणांवर भरलेलं पोट म्हणजे उलटी. जे फीड चुकणार त्याच्या इन्सुलिनचं काय करायचं, ते डॉक्टरांकडून आदल्या दिवशी ठरवून घ्या. पाठ ३० अंश वर. ग्लुकोमीटर, ग्लुकोज पावडर आणि सिरिंज हाताशी, सामानाच्या डिकीत नकोत. दोन तासांनी गाडी थांबवून साखर बघा, कूस बदला. आणि सकाळीच निघा. संध्याकाळी सोडलं तर रात्री आठला कऱ्हाडात एखादं औषध मिळालं नाही म्हणून धावाधाव होते.

कार्डावर एवढं आहे का बघा: शेवटचं क्रिएटिनिन, सोडियम, हिमोग्लोबिन, अजून यायचे असलेले रिपोर्ट (लघवीचं कल्चर हमखास राहतं), बीपी किती ठेवायचं, आणि ड्युटी डॉक्टरांचा नंबर. सोबत स्कॅनची सीडी. कऱ्हाडच्या फिजिशियनना याचा फोटो गुरुवारीच पाठवा आणि पहिल्या आठवड्यात ते घरी येतील असं ठरवा. पुढच्या तपासणीला पुन्हा १६० किलोमीटर नेणं खरंच गरजेचं आहे का, हेही विचारा.

बीपी डाव्या दंडाला, पाच मिनिटं स्वस्थ असताना. ताप १००.४ च्या वर, ऑक्सिजन ९४ च्या खाली, श्वास मिनिटाला २४ च्या वर किंवा घशात घरघर यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. एकच पोटरी सुजली, दुखली तरीही. नवीन कमजोरी, तोंड वाकडं होणं, फिट, एकाएकी गुंगी किंवा काळी शौच असेल तर थांबायचंच नाही.

प्रीतिसंगम

सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टरना आजच विचारलं, कॅथेटर बुधवारी सकाळी काढून बघणार आहेत. पँटोप्राझोल बदलून दिलं. एक राहिलं: सासूबाईंना बघवत नाही, ओठ पार सुकलेत, ते हाताने पाण्याची खूण करतात. चमचाभर पाणी दिलं तर चालेल का?

रात्रपाळी_सिस्टर

नाही ताई, चमचाभरही नाही, गिळण्याची तपासणी होईपर्यंत. स्पीच थेरपिस्ट ती खाटेपाशीच करतात. झाली नसेल तर शुक्रवारच्या आत करून घ्या, आणि काय चालेल, किती दाट, कोणत्या स्थितीत बसवून, हे लेखी घ्या. पक्षाघातात पाणी चुकीच्या वाटेला गेलं तरी कित्येकदा ठसकाही लागत नाही, म्हणून "काही झालं नाही" यावर जाऊ नका.

पण तोंड कोरडं ठेवायचं नाही. सासूबाईंना हे काम द्या, त्या बसून करू शकतात. पाठ वर, मान डावीकडे कललेली. मऊ ब्रशने सकाळ-संध्याकाळ दात आणि जीभ, अगदी थोडी पेस्ट, आणि उजव्या गालाच्या आत बोटाला गॉज गुंडाळून पुसायचं, तिथे चिकटा साचतो. दर दोन-तीन तासांनी गॉज पाण्यात बुडवून *घट्ट पिळून* ओठ आणि जीभ ओली करायची, वरून ओठांना तुपाचं बोट. कवळी असेल तर काढून ठेवा. खूण केली की "पाणी नळीतून देतेय" असं सांगून त्यांना दिसेल असं सिरिंजने द्या, त्यांना कळतंय. आणि पाण्याचा तांब्या कॉटशेजारी ठेवू नका, भेटायला आलेलं कुणीतरी मायेने पाजतं.